एका नियमाचा माग: रोमन आणि व्हिसिगॉथिक कायद्याचा विकास कसा अभ्यासावा

रोमन कायद्याचा इतिहास वाचायला घेणारा बहुतेक वाचक बारा पाट्यांपासून, म्हणजे रोमच्या पहिल्या लेखी कायद्यापासून, निघतो, पूर्वेकडील सम्राट जस्टिनियनच्या संहितेपाशी येऊन थांबतो आणि मग ‘जर्मानिक टोळ्यांचे कायदे’ असे निराळे प्रकरण उघडून व्हिसिगॉथांना, म्हणजे पश्चिमेकडील गॉथांना, त्यात बसवतो. हा क्रम पाठांतराला सोयीचा आहे, पण धागा जिथे सलग आहे नेमका तिथेच तो तोडला जातो. जस्टिनियनचे डायजेस्ट, म्हणजे विधिज्ञांच्या लेखनातील वेच्यांचा संग्रह, कॉन्स्टँटिनोपलमध्ये इ.स. ५३३ मध्ये पुरे झाले. त्याच्या सत्तावीस वर्षे आधी, ५०६ मध्ये, गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या भागातील) एका गॉथ राजाने रोमन कायद्याचा स्वतःचा संक्षेप जाहीर केला होता. म्हणून व्हिसिगॉथिक कायदा जस्टिनियनच्या नंतर वाचायचा नसतो, त्याच्या शेजारी ठेवून वाचायचा असतो. एवढे मनात पक्के असले तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

कालपट दोन फांद्यांचा काढावा

सुरुवातीला एका कोऱ्या कागदावर खोड आणि दोन फांद्या काढाव्यात. खोड इ.स.पू. ४५१–४५० मधील बारा पाट्यांपासून इ.स. ४३८ पर्यंत येते. बारा पाट्यांचा मूळ मजकूर उरलेला नाही. नंतरच्या लेखकांनी दिलेल्या अवतरणांतून तो जुळवला गेला आहे, त्यामुळे छापील पुस्तकांतला पाट्यांचा क्रम आधुनिक संपादकांनी लावलेला आहे, हे विसरू नये. इ.स.पू. ३६७ मध्ये प्रेटर हे न्यायदान पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले आणि इ.स.पू. २४२ च्या सुमारास परकीयांच्या खटल्यांसाठी दुसरा प्रेटर नेमला गेला. दर वर्षी नवा प्रेटर आपण कोणत्या प्रकारचे दावे चालवू ते जाहीर करी, आणि या जाहीरनाम्यांतूनच जुन्या, कर्मठ नियमांना नवी वळणे मिळाली. सम्राट हेड्रियनच्या काळात, सुमारे १३० मध्ये, साल्व्हियस ज्युलियानसने या जाहीरनाम्याला कायमचे रूप दिले. तिथून पुढे प्रेटर नवे काही निर्माण करीत नाही; ते काम विधिज्ञांकडे आणि सम्राटांकडे जाते.

गायस, पॅपिनियन, पॉलस, उल्पियन आणि मोडेस्टिनस हे विधिज्ञ दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकांतले. २१२ मध्ये काराकालाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. या घटनेचा राजकीय अर्थ सगळेच सांगतात. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र तिचा दुसरा परिणाम टिपून ठेवावा. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या स्थानिक रिवाजाने व्यवहार करीत आले होते, ते आता एका रात्रीत रोमन कायद्याखाली आले, आणि त्यांच्या सवयी त्यांच्याबरोबर आल्या. चौथ्या-पाचव्या शतकांत पश्चिमेकडे मालकी आणि कबजा यांतला काटेकोर भेद पुसट होताना दिसतो, करार आणि हस्तांतर एकाच क्रियेत मिसळलेले दिसतात. अभ्यासक याला ‘लोकरूढ रोमन कायदा’ म्हणतात. व्हिसिगॉथांच्या हाती पडला तो हा कायदा, उल्पियनच्या काळचा बारीक घासलेला कायदा नव्हे. व्हिसिगॉथिक संहितेत काही ओबडधोबड दिसले की ते ‘गॉथिक’ म्हणून मोकळे होण्याची घाई पुष्कळ जाणकारांनीही केली आहे; आधी तो ओबडधोबडपणा रोमन प्रांतांतच रुजला होता का, ते तपासावे.

खोडाचा शेवट दोन टप्प्यांत येतो. ४२६ च्या एका आज्ञेने वर उल्लेखलेल्या पाच विधिज्ञांच्या मतांना न्यायालयात अधिकृत वजन दिले: मते विभागली तर बहुमत ग्राह्य, समसमान झाली तर पॅपिनियन ज्या बाजूला असेल ती बाजू ग्राह्य, आणि पॅपिनियनचे मतच नसेल तर न्यायाधीशाने ठरवावे. मते मोजून न्याय करण्याची ही वेळ का आली, हे त्या काळच्या न्यायाधीशांच्या तयारीविषयी बरेच सांगून जाते. दुसरा टप्पा म्हणजे थिओडोशियन संहिता. तिचे काम ४२९ मध्ये हाती घेतले गेले, ती ४३८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १ जानेवारी ४३९ पासून लागू झाली. सोळा ग्रंथांच्या या संहितेत कॉन्स्टंटाइनपासूनच्या सम्राटांच्या आज्ञा आहेत आणि ती साम्राज्याच्या दोन्ही भागांत चालली. दोन्ही फांद्या इथूनच फुटतात.

पूर्वेची फांदी परिचित आहे: ५२९ ची पहिली संहिता, ५३३ मधील डायजेस्ट आणि इन्स्टिट्यूट्स हे पाठ्यपुस्तक, ५३४ ची सुधारित संहिता आणि नंतरच्या नव्या आज्ञा. पश्चिमेच्या फांदीसाठी थोडी राजकीय पार्श्वभूमी लागते. गॉथांनी ३७६ मध्ये डॅन्यूब ओलांडली, ३७८ मध्ये एड्रियानोपलला रोमन सैन्याचा पराभव केला, ४१० मध्ये रोम लुटले आणि ४१८ मध्ये रोमशी झालेल्या करारानुसार ते अ‍ॅक्विटेनमध्ये वसले. तुलूज ही त्यांची राजधानी झाली. या फांदीवर चार नोंदी ठळक कराव्यात: राजा युरिकची संहिता, साधारण ४७५ च्या सुमाराची; अलारिक दुसरा याचा ५०६ चा संक्षेप, म्हणजे ‘ब्रेव्हियारियम’; रेकेस्विंथचा ६५४ चा ‘लिबर युडिकिओरुम’ हा कायदेग्रंथ (पुढे नुसता ‘लिबर’); आणि एर्विगने ६८१ मध्ये केलेली त्याची सुधारित आवृत्ती. युरिक आणि रेकेस्विंथ यांच्या मध्ये लिओविगिल्डची (५६८–५८६) सुधारणा येते, पण तिचा स्वतंत्र मजकूर उरलेला नाही.

ब्रेव्हियारियम आधी वाचावे, आणि त्यातही टीप आधी

या चारांपैकी कोणता ग्रंथ आधी उघडावा, याचे उत्तर कालक्रमाने दिले तर युरिक येतो. माझा सल्ला वेगळा आहे. युरिकच्या संहितेचा फक्त एक तुकडा, २७६ ते ३३६ या कलमांचा, एका खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रावर वाचता येतो, आणि तोही ठिकठिकाणी फाटका आहे. ब्रेव्हियारियम मात्र अनेक हस्तलिखितांतून पूर्ण उपलब्ध आहे, आणि गॉथ राज्यात रोमन कायदा म्हणून नेमके काय पोहोचले होते हे तेच सांगते.

त्याची रचना नीट पाहावी. थिओडोशियन संहितेतील निवडक आज्ञा, तिच्यानंतरच्या सम्राटांच्या काही आज्ञा, गायसच्या चार ग्रंथांचा दोन ग्रंथांत केलेला गोषवारा, पॉलसच्या नावावरील ‘सेंटेन्शिए’ हा मतसंग्रह, डायोक्लेशियनच्या काळातील ग्रेगोरियन आणि हर्मोजेनियन संग्रहांतील वेचे, आणि अगदी शेवटी पॅपिनियनचे एकच मत. ४२६ मध्ये ज्याच्या शब्दाने समसमान मतांचा निकाल लागत होता, त्याच्या वाट्याला ऐंशी वर्षांनी एक परिच्छेद उरला. विधिज्ञांचे साहित्य पश्चिमेत किती आटले होते, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

मूळ आज्ञेखाली ‘इंटरप्रेटाशियो’ नावाची सोप्या लॅटिनमधली टीप असते. नवख्या वाचकाने ही टीप आधी वाचावी आणि मग मूळ आज्ञेकडे यावे. आज्ञेची भाषा दरबारी आणि अलंकारिक असते. टीप मात्र न्यायाधीशाला काय करायचे ते सांगते. दोहोंत फरक दिसला तर तो वहीत टिपावा, कारण नियम कुठे बदलला त्याची खूण अशा फरकांतच मिळते. या टिपा सगळ्या ५०६ मध्येच लिहिल्या गेल्या असे समजू नये; त्यांतल्या बऱ्याचशा आधीच्या कायदा-शिक्षणातून आलेल्या दिसतात. गायसच्या गोषवाऱ्याला टीप नाही, कारण तो स्वतःच सोपा करून लिहिलेला आहे. आणखी एक गोष्ट: थिओडोशियन संहितेचे पहिले पाच ग्रंथ आज आपल्याला बऱ्याच अंशी या संक्षेपामुळेच ठाऊक आहेत. गॉथ राजाच्या आज्ञेने झालेली काटछाट आणि त्याच काटछाटीने केलेले जतन, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत.

मथळा, तारीख आणि क्रमांक यांची सवय करावी

थिओडोशियन संहितेतील प्रत्येक आज्ञेच्या आरंभी सम्राटांची नावे आणि ज्या अधिकाऱ्याला ती पाठवली त्याचे नाव असते, तर शेवटी ठिकाण, दिवस आणि त्या वर्षीचे कॉन्सल, म्हणजे ज्यांच्या नावाने वर्ष ओळखले जाई ते अधिकारी, असतात. आरंभी दोन-तीन सम्राटांची नावे दिसली तरी आज्ञा सहसा एकाच दरबारातून निघालेली असते. ती कुठून निघाली हे शेवटच्या ठिकाणावरून आणि अधिकाऱ्याच्या पदावरून ठरवावे. ‘दिली’ आणि ‘लावली’ असे दोन निरनिराळे शब्द तिथे येतात: पहिला सहीचा दिवस, दुसरा ती सार्वजनिक जागी लावल्याचा. दोहोंत महिन्यांचे अंतर असू शकते.

‘लिबर युडिकिओरुम’मध्ये पद्धत बदलते. तिथे कायद्याच्या माथ्यावर राजाचे नाव असते, जसे किंडास्विंथ किंवा रेकेस्विंथ. किंवा ‘अँटिक्वा’, म्हणजे ‘जुना’, एवढाच शब्द असतो. जुना म्हणजे किती जुना? लिओविगिल्डच्या सुधारणेतला, आणि त्यामागे अनेकदा युरिकचा. ज्या विषयावर युरिकचा तुकडा हाती आहे तिथे दोन मजकूर शेजारी मांडून शब्दन्‌शब्द ताडून पाहावा. जिथे तुकडा नाही तिथे ‘अँटिक्वा’ला युरिकच्या खाती टाकण्याचा मोह आवरावा. काही हस्तलिखितांत मथळे गळालेले किंवा बदललेले आहेत, म्हणून एकाच प्रतीवर विसंबू नये. कार्ल झोयमरने १९०२ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीत पाठभेद दिलेले आहेत. जुन्या छापील आवृत्त्यांत, विशेषतः दुसऱ्या ग्रंथात, कायद्यांचे क्रमांक तिच्याशी जुळत नाहीत. उतारा देताना कोणती आवृत्ती वापरली ते लिहिले नाही, तर वाचणाऱ्याला भलताच कायदा सापडतो.

सनांचाही एक सापळा आहे. इबेरियातील जुन्या लेखांत ‘एरा’ नावाची कालगणना येते आणि ती इसवी सनाच्या ३८ वर्षे पुढे असते. तोलेदोची तिसरी धर्मसभा ‘एरा ६२७’ मधली म्हणजे ५८९ मधली. रकमा आल्या की सॉलिडस या सोन्याच्या नाण्याचा हिशोब जवळ ठेवावा: एका पौंड सोन्यात ७२ सॉलिडस. रेकेस्विंथने आपल्या संहितेखेरीज दुसरा कायदेग्रंथ न्यायालयात आणणाऱ्याला तीस पौंड सोन्याचा दंड ठेवला, म्हणजे २१६० सॉलिडस. आणि असा ग्रंथ समोर आल्यावर तो फाडून टाकायला टाळाटाळ करणाऱ्या न्यायाधीशालाही तेवढाच. त्याच शीर्षकात, म्हणजे ग्रंथाच्या पोटविभागात, परकीय कायदे अभ्यासासाठी वाचायला मुभा आहे, पण दावे त्यांच्यावर चालवायला मनाई आहे. या मनाईत रोमन कायद्याचे नाव घेतलेले आहे, म्हणजेच ब्रेव्हियारियमचा न्यायालयातील अधिकार इथे संपतो.

एक नियम घेऊन तो शेवटपर्यंत न्यावा

एवढी तयारी झाली की संहिता पहिल्या पानापासून वाचत सुटू नये. एक नियम निवडावा आणि तो प्रत्येक थरात शोधावा. पहिल्या सरावासाठी मुदतीचा, म्हणजे किती वर्षांच्या कबजाने मालकी मिळते किंवा दावा बाद होतो याचा, नियम उत्तम, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे लपत नाहीत.

बारा पाट्यांनुसार जमिनीचा दोन वर्षे आणि इतर वस्तूंचा एक वर्ष कबजा राहिला की मालकी मिळे. चोरीची वस्तू याला अपवाद होती. हा लाभ रोमन नागरिकांना होता आणि प्रांतांतल्या जमिनीला लागू नव्हता. म्हणून प्रांतांसाठी निराळा बचाव तयार झाला: कबजेदार आणि दावेदार एकाच नगरातले असतील तर दहा वर्षे, निरनिराळ्या नगरांतले असतील तर वीस. सेप्टिमियस सेव्हेरस आणि काराकाला यांच्या १९९ मधील एका उत्तरात हा नियम दिसतो. मग ४२४ मध्ये थिओडोशियस दुसरा याने सर्वसाधारण दाव्यांना तीस वर्षांची मुदत घातली. इथे थांबून वहीत एक प्रश्न लिहावा: या नियमाने कबजेदाराला मालकी दिली, की मालकाचा दावा फक्त बंद केला? ४२४ च्या आज्ञेचे उत्तर यांपैकी दुसरे आहे. पश्चिमेकडील व्यवहारात मात्र दोहोंतले अंतर फारसे उरले नाही.

आता युरिकचे २७७ वे कलम उघडावे. इतर सर्व दाव्यांना तीस वर्षे, हा भाग सरळ ४२४ चा वारसा आहे. पण त्याच कलमात गॉथांचे वाटे आणि रोमनांचे एकतृतीयांश हिस्से यांच्यासाठी पन्नास वर्षे दिली आहेत, आणि पळालेल्या गुलामांसाठीही पन्नास. तीसचा रोमन साचा तसाच ठेवून त्यात वसाहतीपुरता एक अपवाद बसवलेला आहे. वसाहत ४१८ ची. पन्नास वर्षे मोजली तर ४६८ येते, म्हणजे संहिता निघाली तेव्हा पहिल्या वाटपाचे वाद नुकतेच मुदतीबाहेर गेले होते. हा हिशोब सूचक आहे, पुरावा नव्हे. त्या हिस्स्यांत जमीनच वाटली होती की जमिनीचा महसूल, यावरही अभ्यासकांत वाद आहे, त्यामुळे ‘वाटे’ या शब्दाचा अर्थ आधीच ठरवून टाकू नये.

याच कलमात जुन्या हद्दींविषयी लिहिताना राजा म्हणतो की त्याच्या दिवंगत पित्याने दुसऱ्या एका कायद्यात जसे सांगितले, तशाच त्या राहाव्यात. तुकड्यावर युरिकचे नाव नाही. तो थिओडोरिक पहिला याचा मुलगा, आणि पित्याचा हा उल्लेख संहिता त्याचीच मानण्याचा एक महत्त्वाचा आधार आहे. कायदा देणारा कोण हे कायद्याच्या मजकुरातूनच काढण्याचे याहून चांगले उदाहरण नवशिक्याला मिळणार नाही. पुढे लिबरच्या दहाव्या ग्रंथाचे दुसरे शीर्षक पाहावे: पन्नास आणि तीस, दोन्ही मुदती तिथे ‘अँटिक्वा’ म्हणून पुन्हा भेटतात. दरम्यान पूर्वेकडे जस्टिनियनने ५३१ मध्ये जुने कबजा-नियम एकत्र करून जंगम वस्तूंना तीन वर्षे आणि स्थावराला दहा किंवा वीस वर्षे केली. एकाच खोडाच्या दोन फांद्यांवर आता वेगवेगळे आकडे आहेत.

दुसरा सराव विवाहाचा घ्यावा. चौथ्या शतकातील एका आज्ञेने प्रांतवासी आणि परकीय यांच्यातील विवाहाला देहदंडाची शिक्षा ठेवली होती. ब्रेव्हियारियमने ती उचलली, आणि टीपेत रोमन व बर्बर असे शब्द आले. साम्राज्याने परक्यांना दूर ठेवण्यासाठी केलेला नियम आता परक्यांच्याच राज्यात उभा राहिला. लिबरच्या तिसऱ्या ग्रंथाच्या आरंभी जुनी बंदी उठवून गॉथ आणि रोमन यांच्यातील विवाहाला मोकळीक देणारा कायदा आहे, आणि तो सामान्यतः लिओविगिल्डचा मानला जातो. याच ग्रंथात ‘डोस’ हा शब्द भेटतो आणि तिथे पाय घसरतो. अभिजात रोमन कायद्यात वधूकडून वराकडे जाणारी संपत्ती म्हणजे डोस. व्हिसिगॉथिक कायद्यात वराने वधूला द्यायची संपत्ती म्हणजे डोस. शब्द तोच, दिशा उलटी. म्हणून शब्दकोशातला अर्थ लावून पुढे जाऊ नये. कोण देतो आणि कोणाला, हे प्रत्येक कायद्यात स्वतंत्र पाहावे.

वाद ठाऊक असावेत, बाजू घेण्याची घाई नसावी

युरिकची संहिता केवळ गॉथांसाठी आणि ब्रेव्हियारियम केवळ रोमनांसाठी, ही जुनी मांडणी अनेक पुस्तकांत सिद्ध गोष्टीसारखी येते. विसाव्या शतकात अल्फोन्सो गार्सिया गाय्यो आणि अल्व्हारो द’ओर्स या स्पॅनिश अभ्यासकांनी तिला आव्हान दिले. त्यांच्या मते हे कायदे राज्यातील सर्वांना लागू होते. मला स्वतःला युरिकच्या तुकड्यातील रोमन धाटणी पाहता तो एका वंशापुरता असावा हे पटत नाही, पण ब्रेव्हियारियम इतक्या लवकर कशासाठी लागले, याचे समाधानकारक उत्तर दुसऱ्या पक्षाकडेही नाही. ६५४ नंतर हा वाद उरत नाही, कारण लिबर सर्वांसाठीच होता.

सर्वांसाठी म्हणजे समान मात्र नव्हे. बारा ग्रंथांच्या या संहितेत शिक्षा स्वतंत्र माणूस, मुक्त केलेला गुलाम आणि गुलाम यांच्यात बदलते, आणि बारावा ग्रंथ ज्यूंविरुद्धच्या कायद्यांनी भरलेला आहे. एर्विगने त्यांत मोठी भर घातली. दुसरीकडे चौथ्या ग्रंथात मृत्युपत्राविना मेलेल्या आईबापांच्या मिळकतीत बहिणींना भावांइतकाच वाटा आहे. एकाच ग्रंथाच्या या दोन पानांपैकी आवडते पान निवडून त्यावर सगळ्या व्हिसिगॉथिक कायद्याची परीक्षा करू नये.

७११ वर थांबू नये

व्हिसिगॉथ राज्य ७११ मधील मुस्लिम आक्रमणानंतर कोसळले, पण लिबर टिकला. मुस्लिम सत्तेखालील ख्रिस्ती लोक आणि उत्तरेकडील लेओनचे राज्य तो वापरत राहिले, आणि तेराव्या शतकात फर्नांडो तिसरा याने तो कास्तिलियन भाषेत आणवून कोर्दोबाला स्थानिक कायदा म्हणून दिला; हा अनुवाद ‘फुएरो हुस्गो’ नावाने ओळखला जातो. त्याच शतकात, त्याच्या मुलाच्या काळात, जस्टिनियनच्या फांदीवरून आलेला विद्यापीठीय रोमन कायदा ‘सिएते पार्तिदास’ या कायदेग्रंथातून स्पेनमध्ये शिरला. सुमारे आठशे वर्षे वेगळ्या राहिलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींना लागल्या.

म्हणून मुदतीच्या नियमाचा माग १८८९ च्या स्पॅनिश नागरी संहितेपर्यंत न्यावा. तिच्या १९५७ व्या कलमात हजर असलेल्यांमध्ये दहा आणि गैरहजरांमध्ये वीस वर्षे आहेत, आणि १९५९ व्या कलमात मालकीचा कायदेशीर आधार किंवा सद्भाव नसतानाही तीस वर्षांच्या अखंड कबजाने स्थावराची मालकी मिळते. तीसचा आकडा दिसताच युरिकची आठवण येते, पण त्याच्या शेजारी दहा-वीसची जोडी उभी आहे आणि ती लिबरच्या त्या शीर्षकात नव्हती. आकडा कोणत्या वाटेने आला, हे ठरवायला वाचकाने पुन्हा आपल्या कागदावरच्या दुसऱ्या फांदीवर बोट ठेवून वर जावे.